जुन्या लॅपटॉपला कोणते डॉकिंग स्टेशन चालेल?

कंपन्यांनी काही वर्षे वापरून परत केलेले लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत आता सर्रास मिळतात. लेनोवोचा थिंकपॅड टी४५०, डेलचा लॅटिट्यूड ई७४७० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० यांसारखे एखादे यंत्र घेऊन रॅम वाढवली आणि एसएसडी बसवली, की घरून काम करणाऱ्याचे त्यावर उत्तम भागते. पुढे चौदा इंची पडद्यावर दिवसभर हिशेबाचे तक्ते पाहून डोळे शिणतात म्हणून मॉनिटर येतो, त्यामागोमाग वेगळा कीबोर्ड, माऊस, नेटवर्कची केबल आणि स्पीकर येतात, आणि रोज सकाळी या साऱ्या केबली लावण्याचा व संध्याकाळी काढण्याचा कंटाळा आला की डॉकिंग स्टेशनचा, म्हणजे या साऱ्या केबली कायम लावून ठेवता येतील आणि लॅपटॉप एकाच जोडाने जोडता येईल अशा डॉकचा, शोध सुरू होतो. या शोधात सर्वांत आधी समोर येतात ते नवे यूएसबी-सी डॉक, आणि त्यांच्या वर्णनात ‘सर्व लॅपटॉपना चालतो’ असे ठळकपणे लिहिलेले असते. हे विधान पूर्ण खोटे नसते, म्हणूनच ते अधिक फसवे ठरते. असा डॉक कोणत्याही लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला जोडला तरी त्यावरचा माऊस बहुधा चालतो. मॉनिटरवर चित्र उमटेल का आणि लॅपटॉप चार्ज होईल का, याबद्दल मात्र ते वर्णन काहीच सांगत नाही.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. डिस्प्लेलिंक नावाच्या एका प्रकाराचा अपवाद सोडला (त्याबद्दल पुढे सविस्तर येईल), तर डॉक स्वतः चित्र तयार करत नाही. लॅपटॉपचा ग्राफिक्स विभाग पोर्टातून जे बाहेर पाठवतो तेच डॉक वेगवेगळ्या खाचांना वाटून देतो. त्यामुळे लॅपटॉपच्या पोर्टातून चित्र बाहेरच पडत नसेल, तर दोन हजारांचा डॉक घ्या की वीस हजारांचा, मॉनिटर काळाच राहणार. म्हणून डॉकची वैशिष्ट्ये वाचण्याआधी लॅपटॉपची ओळख नीट करून घ्यावी, आणि ज्या लॅपटॉपच्या तळाला किंवा बाजूला कंपनीचा स्वतंत्र डॉकिंग जोड आहे, त्याच्यासाठी त्याच पिढीचा, त्याच कंपनीचा जुना डॉक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा यूएसबी-सी डॉक अशा यंत्रासाठी नाइलाजाचा पर्याय असतो.

लॅपटॉपची नेमकी ओळख

लॅपटॉप बंद करून उलटा करावा आणि तळावरच्या लेबलवरचे मॉडेलचे पूर्ण नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे. लेबल झिजले असेल, तर विंडोजमध्ये विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिल्यास मॉडेल व प्रोसेसर दोन्ही दिसतात. ‘माझ्याकडे थिंकपॅड आहे’ किंवा ‘डेलचा लॅटिट्यूड आहे’ एवढ्या माहितीवर डॉक निवडता येत नाही. टी४३० आणि टी४४० या नावांत एकाच अंकाचा फरक असला, तरी दोघांचे डॉक संपूर्ण वेगळे आहेत. २०१६ च्या लॅटिट्यूड ई७४७० च्या तळाला डेलचा जुना ई-पोर्ट जोड आहे, पण त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या लॅटिट्यूड ७४८० मध्ये तो काढून टाकलेला आहे. दुकानदार दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून एकच डॉक दोघांना दाखवील, म्हणून ही खातरजमा आपणच करावी.

मॉडेलसोबत प्रोसेसरची पिढीही लिहून घ्यावी. इंटेलच्या आय५-४३००यू या नावातला पहिला ४ हा चौथी पिढी दाखवतो, तर आय५-८२५०यू मधला ८ आठवी. किती मॉनिटर आणि किती बारीक चित्र मिळेल, हे बव्हंशी यावर ठरते. दुसऱ्या पिढीचे (२०११) अंगभूत ग्राफिक्स एका वेळी दोनच पडदे चालवू शकते आणि त्यात लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही मोजला जातो. तिसऱ्या पिढीपासून (२०१२) ही मर्यादा तीन पडद्यांची झाली, पण तीन पडदे हवे असतील तर त्यांतले किमान दोन डिस्प्लेपोर्ट या मॉनिटरच्या जोडाच्या मार्गाने जोडावे लागतात. चौथ्या पिढीपासून (२०१३) डिस्प्लेपोर्ट १.२ आले आणि एकाच जोडातून दोन-तीन मॉनिटरना वेगवेगळे चित्र पाठवण्याची एमएसटी ही सोय मिळाली. वेगळे एनव्हिडिया किंवा एएमडी ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रांत हे गणित बदलते, पण बाजारातल्या बहुसंख्य जुन्या लॅपटॉपमध्ये असे कार्ड नसते.

आता पोर्ट पाहावेत. तळाला पिनांची अरुंद पट्टी आणि तिच्या आजूबाजूला डॉकचे हुक अडकण्यासाठी खाचा दिसतात का, ते आधी शोधावे. काही मॉडेलांत ही पट्टी सरकत्या झाकणाखाली लपलेली असते, त्यामुळे वरवर पाहून ‘नाही’ म्हणू नये. एलिटबुकमध्ये हा जोड तळाला नसून डाव्या-उजव्या कडेला असू शकतो. त्यानंतर कडेचे छोटे लंबगोल यूएसबी-सी पोर्ट आहे का आणि त्याच्या शेजारी कोणते चिन्ह छापले आहे, ते चष्मा लावून किंवा मोबाइलच्या उजेडात पाहावे. विजेच्या बाणाचे चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, अर्थात यूएसबी-सीच्याच आकाराचा पण अधिक वेगवान जोड. इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ यांच्या मिलाफाचे चिन्ह म्हणजे त्या पोर्टातून चित्र बाहेर पडते. नुसते ‘एसएस’ छापलेले असेल, तर केवळ डेटाची खात्री धरावी. प्लग किंवा बॅटरीचे चिन्ह असल्यास त्या पोर्टातून लॅपटॉप चार्ज होण्याची शक्यता असते. चिन्हे छापण्यात कंपन्या हलगर्जी करतात, म्हणून शेवटचा शब्द कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशीलपत्राचा मानावा. लेनोवोची अशी पत्रे पीएसआरईएफ या नावाने मिळतात, डेलला तळावरचा सर्व्हिस टॅग आणि एचपीला प्रॉडक्ट नंबर दिला की नेमक्या त्याच यंत्राची माहिती उघडते.

तळाला जोड असेल तर

या वर्गातल्या यंत्रांवर थोडा वेळ घालवणे रास्त आहे, कारण सर्वांत चांगला सौदा इथेच होतो आणि सर्वाधिक गल्लतही इथेच.

थिंकपॅडच्या बाबतीत तीन पिढ्या ओळखाव्यात. टी४१०, टी४२०, टी४३०, एक्स२२० आणि एक्स२३० या यंत्रांना ‘सीरीज ३’ म्हटले जाणारे डॉक बसतात. त्यांतला मिनी डॉक प्लस सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यावर डिस्प्लेपोर्ट, डीव्हीआय आणि व्हीजीए हे मॉनिटरच्या जोडांचे तिन्ही प्रकार आहेत. टी४४० पासून टी४७० पर्यंत आणि एक्स२४० पासून एक्स२७० पर्यंतच्या यंत्रांना ४०ए० (बेसिक), ४०ए१ (प्रो) आणि ४०ए२ (अल्ट्रा) हे डॉक बसतात. अल्ट्रा डॉकवर दोन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, एक डीव्हीआय आणि एक व्हीजीए आहे. किमतीत फार फरक नसेल तर तोच घ्यावा. टी४८० आणि तिच्या बरोबरीच्या २०१८ च्या यंत्रांत तळाचा जोड गेला आणि डाव्या कडेच्या दोन यूएसबी-सी पोर्टांत घुसणारे ४०एजी, ४०एएच व ४०एजे हे बाजूचे डॉक आले. या तिन्ही पिढ्यांत एकमेकांचे काहीही चालत नाही, आणि ऑनलाइन विक्रेते ‘थिंकपॅड अल्ट्रा डॉक’ एवढेच लिहून मोकळे होतात, म्हणून डॉकच्या तळावरच्या लेबलचा फोटो मागवून त्यावर ४०ए२ आहे की ४०एजे, हे वाचल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

लेनोवोच्या स्वस्त ई मालिकेतल्या काही यंत्रांना आणि एक्स१ कार्बनच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीला वनलिंक नावाचा वेगळा जोड होता. चौथ्या पिढीच्या एक्स१ कार्बनला वनलिंक प्लस आला. नावात फक्त ‘प्लस’ वाढला असला, तरी या दोन जोडांचा आकारच वेगळा आहे आणि एकाचा डॉक दुसऱ्याला बसत नाही.

डेलचे काम त्या मानाने सोपे होते. २००८ च्या ई६४०० पासून २०१६ च्या ई७४७० पर्यंत लॅटिट्यूडच्या ई मालिकेत तोच ई-पोर्ट जोड टिकला, आणि इतकी वर्षे एकच जोड टिकवणे ही या धंद्यात दुर्मीळ गोष्ट आहे. साधा ई-पोर्ट आणि ई-पोर्ट प्लस असे दोन प्रकार मिळतात. प्लसवर व्हीजीएखेरीज दोन डीव्हीआय आणि दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, पण पहिला डीव्हीआय आणि पहिला डिस्प्लेपोर्ट एकाच वाहिनीवर असल्याने त्या दोन्हींना दोन मॉनिटर जोडले तर एकच चालेल. एक मॉनिटर पहिल्या जोडीला आणि दुसरा दुसऱ्या जोडीला लावावा. सुरुवातीच्या ई-पोर्टवरचे यूएसबी पोर्ट २.० वेगाचे आहेत आणि नंतरच्या आवृत्तीवर ३.० आले. बाहेरची हार्ड डिस्क नेहमी जोडायची असेल, तर निळ्या जिभेचे पोर्ट असलेली आवृत्ती शोधावी. एचपीत एलिटबुक ८४० च्या जी१ ते जी४ या पिढ्यांना अल्ट्रास्लिम डॉक कडेने बसतो आणि त्यावर दोन डिस्प्लेपोर्ट व एक व्हीजीए मिळते.

हे जुने डॉक मला नव्यांपेक्षा सरस का वाटतात, ते सांगतो. पहिले म्हणजे त्यांना ड्रायव्हर जवळजवळ लागतच नाही. नेटवर्कचा पोर्ट हा लॅपटॉपच्याच नेटवर्क कार्डाचा लांब नेलेला हात असतो, त्यामुळे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तोच राहतो आणि ज्या कार्यालयांत वा वसतिगृहांत ठरावीक मॅक पत्त्यांनाच जाळ्यात प्रवेश आहे, तिथे नव्याने नोंदणी करावी लागत नाही. यूएसबी डॉकमध्ये स्वतंत्र नेटवर्क चिप असते आणि तिचा पत्ता वेगळा असतो. दुसरे, लॅपटॉप सुरू होताना बायोसचा (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगचा) पडदाही बाहेरच्या मॉनिटरवर दिसतो. पडदा फुटलेला लॅपटॉप स्वस्तात घेऊन त्याचा टेबलावरचा संगणक करायचा असेल, तर ही सोय निर्णायक ठरते. तिसरे, चार्जिंग त्याच जोडातून होते आणि डॉकवरचे बटण दाबून झाकण बंद असलेला लॅपटॉप सुरू करता येतो.

बसवताना घाई करू नये. थिंकपॅडच्या ४०ए मालिकेच्या डॉकवर डावीकडे एक सरकता मार्गदर्शक असतो आणि तो आपल्या मॉडेलच्या रुंदीनुसार आधी योग्य खुणेवर आणावा लागतो. तो चुकीच्या जागी असताना लॅपटॉप दाबला, तर जोड पिनांवर नेमका येत नाही आणि जोर वाढवला की पिना वाकतात. मागची कड आधी टेकवून, दोन्ही बाजूंना सारखा दाब देत ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत लॅपटॉप खाली बसवावा. आवाज आला नाही तर उचलून पुन्हा पाहावे. डेलच्या ई-पोर्टवर मागे एक सरकणारी पट्टी असते, ती मोठी बॅटरी लावलेल्या यंत्राला आधार देण्यासाठी असून साध्या बॅटरीसाठी आत ढकललेली असावी. काही डॉकना किल्लीचे कुलूप असते. जुन्या बाजारात किल्ली बहुधा हरवलेली असते, तेव्हा कुलूप उघड्या स्थितीत आहे, हे विकत घेण्याआधी पाहावे.

विजेचा हिशेब

डॉकसोबत त्याचा मूळ अडॅप्टर मिळतो का, हा प्रश्न भाव करण्याच्या आधी विचारावा, कारण अडॅप्टरविना स्वस्तात दिलेला डॉक अखेरीस महाग पडतो. थिंकपॅडच्या ४०ए डॉकना पिवळ्या आयताकृती टोकाचा २० व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि सीरीज ३ ला जुन्या गोल टोकाचा. डेलचा अडॅप्टर १९.५ व्होल्टचा असून त्याच्या टोकाच्या मध्यभागी एक बारीक सुई असते. ती सुई अडॅप्टरची ओळख लॅपटॉपला कळवते आणि ती वाकली किंवा नकली अडॅप्टरमध्ये ती ओळख नसली, तर सुरू होताना ‘अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही’ अशी सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेगही उतरतो. अशा वेळी लोक लॅपटॉपला दोष देतात. ई-पोर्ट प्लससोबत १३० वॅटचा अडॅप्टर वापरावा. थिंकपॅडच्या डब्ल्यू मालिकेसारख्या जड यंत्रांना ९० वॅट पुरत नाहीत, त्यांना १३५ किंवा १७० वॅट लागतात. व्होल्ट अचूक जुळायला हवेत आणि वॅट जास्त असले तरी चालतात. परदेशातून आलेल्या डॉकचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा फक्त भिंतीकडची केबल आपल्या पिनेची घ्यावी. नवा अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, तेवढे बघावे.

यूएसबी-सी असेल तर

टी४७० किंवा लॅटिट्यूड ७४८० यांसारख्या २०१७ च्या आसपासच्या यंत्रांत यूएसबी-सी असते, पण त्या काळात या पोर्टामागे कंपन्या हवे ते जोडत होत्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पोर्टांपैकी एकातून फक्त डेटा जातो, दुसऱ्यातून डेटा, चित्र आणि वीज तिन्ही. यूएसबी-सीचे मानक २०१४ सालचे आहे आणि चित्र पाठवण्याची सोय त्याला ऐच्छिक म्हणून जोडलेली आहे, सक्तीची नाही. म्हणून तपशीलपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (चित्रासाठी) आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (चार्जिंगसाठी) हे दोन शब्दप्रयोग वेगवेगळे शोधावेत. पहिला सापडला आणि दुसरा सापडला नाही, तर डॉकवर मॉनिटर चालेल, पण लॅपटॉपचा नेहमीचा चार्जर शेजारी लावलेला ठेवावा लागेल. त्यात वाईट काही नाही, फक्त आधी माहीत असावे.

पोर्टातून चित्र येत असले तरी किती येते, याला मर्यादा आहे. ६० हर्ट्झवर फुल एचडी चित्राला सेकंदाला सुमारे ३.३ गिगाबिट लागतात, तर ६० हर्ट्झवरच्या ४के चित्राला सुमारे १२.८. यूएसबी-सीच्या केबलमध्ये वेगवान चार वाहिन्या असतात आणि डॉकवर यूएसबी ३.० चा वेगही हवा असेल, तर त्यांतल्या दोन यूएसबीला द्याव्या लागतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या उरलेल्या दोन वाहिन्यांतून ८.६ गिगाबिट जातात. म्हणजे फुल एचडीचे दोन मॉनिटर आरामात चालतात, पण ४के मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकतो आणि माऊसचा बाण पडद्यावर थबकत सरकल्यासारखा वाटतो. नव्या डॉकच्या खोक्यावर ‘दोन ४के, ६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते ते चित्र दाबून पाठवणाऱ्या डीएससी या तंत्राच्या जोरावर, आणि इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती सोय नाही. थंडरबोल्ट ३ (२०१५ पासून, ४० गिगाबिट) असेल, तर ही तंगी बरीच सुटते, म्हणून पोर्टाशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर थंडरबोल्टचाच डॉक घ्यावा आणि साध्या डॉकवर समाधान मानू नये.

थंडरबोल्टच्या यंत्रांसाठी आणखी एक काम आधी उरकावे. लेनोवोने २०१७ ते २०१९ या काळातल्या अनेक थिंकपॅडसाठी थंडरबोल्टच्या फर्मवेअरचे (चिपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरचे) तातडीचे अद्यतन काढले होते, कारण जुन्या फर्मवेअरमुळे यूएसबी-सी पोर्ट कालांतराने निकामी होऊ शकत होते. जुना लॅपटॉप घेतल्यावर हे अद्यतन झाले आहे का, हे तपासावे आणि नसल्यास डॉक जोडण्यापूर्वी ते करावे. डॉक जोडूनही यूएसबीची उपकरणे दिसत नसतील, तर बायोसमधली थंडरबोल्टची सुरक्षा पातळी पाहावी, कारण काही पातळ्यांवर प्रत्येक नव्या डॉकला एकदा परवानगी द्यावी लागते.

केबल हा दुर्लक्षित भाग आहे. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली यूएसबी-सी केबल दिसायला तशीच असली, तरी तिच्यातून बहुधा यूएसबी २.० एवढाच डेटा जातो आणि चित्र जातच नाही. ६० वॅटपेक्षा जास्त वीज न्यायची असेल, तर आत ओळखीची चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. डॉकसोबत आलेली केबलच वापरावी, आणि लहान हबवर ‘१०० वॅट’ लिहिले असेल तर त्यातला काही भाग हब स्वतःसाठी राखून ठेवतो, हे धरून चालावे.

साधे यूएसबीच असेल तर

ज्या लॅपटॉपला डॉकिंग जोड नाही आणि यूएसबी-सीही नाही, त्याच्या मालकाला दुकानात हमखास एक छोटा तुकडा दाखवला जातो: एका बाजूला यूएसबी-सी आणि दुसऱ्या बाजूला साधे यूएसबी. ‘हा लावा, कोणताही डॉक चालेल’ असे सांगितले जाते. माऊस, कीबोर्ड आणि नेटवर्क यांच्यापुरते ते खरे आहे. साध्या यूएसबीच्या पिनांतून डिस्प्लेपोर्टचे चित्र जाण्याची वाटच नसल्याने ऑल्ट मोडवर चालणारा डॉक अशा लॅपटॉपवर मॉनिटर चालवू शकत नाही आणि लॅपटॉप चार्जही करू शकत नाही.

इथे उपयोगी पडतो तो डिस्प्लेलिंक चिपचा डॉक. यात लॅपटॉपवर बसवलेला ड्रायव्हर पडद्यावरचे चित्र प्रोसेसरकरवी दाबून साध्या यूएसबीतून डेटा म्हणून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडून मॉनिटरला देते. डेलचा डी३१०० हा जुन्या बाजारात मिळणारा या प्रकारचा परिचित डॉक आहे. लॅपटॉपला यूएसबी ३.० (वेग ५ गिगाबिट, खाचेत बहुधा निळी जीभ) असायला हवे. २.० वर हा डॉक चालतो, पण ४८० मेगाबिटांच्या वाटेतून चित्र, नेटवर्क आणि हार्ड डिस्क एकत्र ढकलल्यावर जे व्हायचे तेच होते. पत्रव्यवहार, तक्ते, ब्राउझर, लेखांकन यांसाठी डिस्प्लेलिंक पूर्ण समाधानकारक आहे. व्हिडिओ संपादन किंवा खेळ यांसाठी तो घेऊ नये, कारण दोन गाभ्यांचा (कोअरचा) जुना प्रोसेसर चित्र दाबण्यातच गुंतून पडतो. ड्रायव्हर चालू झाल्यावरच चित्र येत असल्याने बायोस बाहेरच्या मॉनिटरवर दिसत नाही, त्यामुळे पडदा फुटलेल्या लॅपटॉपसाठी हा मार्ग कामाचा नाही. लिनक्सवरही ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. मॅकवर डिस्प्लेलिंकचे सॉफ्टवेअर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागते. ही मागणी पाहून घाबरू नये, चित्र पकडायचा त्याचा मार्गच तो आहे. मात्र मॅकवर अशा मॉनिटरवर संरक्षित चित्रपट दिसत नाहीत.

मॅकचा विषय निघालाच आहे, तर तेवढ्यापुरते सांगतो: एमएसटीवर दोन मॉनिटर चालवणारे डॉक विंडोजवर दोन वेगळी चित्रे देतात, पण मॅकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटते. जुन्या मॅकबुकसाठी एमएसटीवर विसंबणारा डॉक घेऊच नये.

एकच मॉनिटर आणि दोन-तीन उपकरणे जोडायची असतील, तर डॉक न घेताही काम होते. लॅपटॉपच्या एचडीएमआय किंवा मिनी डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरला एक केबल, आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी ३.० हब नेटवर्क पोर्टासह, अशा दोन केबलींत सारे उरकते. पाहुण्यांसमोर मिरवण्यासारखी ही मांडणी नाही, पण ती बिघडत नाही.

मॉनिटरच्या बाजूने पाहिल्यास

घरात आधीच असलेल्या मॉनिटरच्या मागची खाच पाहूनच डॉक ठरवावा. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए व डीव्हीआय असेल, तर जुना डॉक घेतल्याने तुकडे जोडावे लागत नाहीत. डॉकवर डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरवर एचडीएमआय असेल, तर स्वस्त साधा कन्व्हर्टर एका मॉनिटरपुरता चालतो. तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर तीन पडदे चालवायचे असतील, तर मात्र ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला कन्व्हर्टर घ्यावा, कारण साध्या कन्व्हर्टरमधून गेलेले चित्र ग्राफिक्सच्या हिशेबी एचडीएमआयच राहते आणि तीनपैकी दोन पडदे डिस्प्लेपोर्टवर असावेत ही अट मोडते. एकपदरी (सिंगल-लिंक) डीव्हीआयवर १९२० गुणिले १२०० च्या पुढचे चित्र मिळत नाही, तेव्हा २५६० गुणिले १४४० चा मॉनिटर डिस्प्लेपोर्टलाच लावावा.

दुकानात तपासताना

लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि पेन ड्राइव्ह सोबत न्यावा, आणि दुकानातल्या मॉनिटरवरच सारे पाहून घ्यावे. डॉकच्या जोडात आधी टॉर्च मारून पिना सरळ व स्वच्छ आहेत का, ते बघावे. लॅपटॉप बसवून बॅटरीचे चिन्ह चार्जिंग दाखवते का, ते पाहिल्यावर जो जोड घरी वापरणार आहोत नेमका त्यालाच मॉनिटर लावावा. व्हीजीएवर चित्र आले म्हणून डिस्प्लेपोर्टही चालतोच, असे नसते. डॉकच्या प्रत्येक यूएसबी पोर्टात पेन ड्राइव्ह लावून एखादी मोठी फाइल नकलावी आणि ती चालू असताना डॉकची केबल किंवा अडॅप्टरचे टोक हलकेच हलवून पाहावे, कारण ढिला जोड स्थिर असताना लपून राहतो. नंतर लॅपटॉप झोपवून (स्लीपमध्ये टाकून) पुन्हा जागा करावा. जुने डॉक सर्वाधिक दगा इथेच देतात: मॉनिटर परत येत नाही किंवा नेटवर्क गायब होते. शेवटी सोडवण्याची कळ दाबून लॅपटॉप दोन-तीनदा काढून बसवावा. कळ अडकत असेल तर तो डॉक घेऊ नये, मग दुकानदार त्यावर कितीही सूट देवो.

पावतीवर डॉकचा पार्ट नंबर आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्यावी. त्या मुदतीत घरच्या मॉनिटरवर, घरच्या केबलींनी, लॅपटॉपचे झाकण बंद ठेवून पूर्ण दिवसभराचे काम एकदा डॉकवर करावे. विंडोजच्या पॉवर पर्यायांत ‘झाकण बंद केल्यावर काहीही करू नका’ हे निवडायला विसरू नये, नाहीतर झाकण मिटताच मॉनिटर काळा पडेल आणि चांगला डॉक नाहक परत जाईल.